शेतीच्या रोकडीचे मासिक पत्रक

वर्षअखेर नफा दिसणाऱ्या शेतकऱ्यासही जूनमध्ये सावकाराच्या दारी जावे लागते. कारण नफा व हातातील रोकड या भिन्न गोष्टी होत. याकरिता एप्रिल ते मार्च असे बारा रकाने आखून प्रत्येक महिन्याची आरंभीची शिल्लक, जमा व खर्च मांडावा. उसाची किंमत १४ दिवसांत द्यावी, असे ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ सांगतो. तरी पैसा प्रत्यक्ष हाती येईल त्याच महिन्यात ती धरावी. घरचे शेणखत व घसारा येथे येत नाहीत. कर्जाची उचल, हप्ता आणि लग्नकार्य मात्र यावयासच हवे. शेवटचे हटकून विसरले जाते. समजा, जूनच्या आरंभीची शिल्लक ८,०००, दुधाचे ६,००० व खर्च २७,००० रुपये. म्हणजे १३,००० उणे. ही तूट एप्रिलमध्येच कळल्यास सोसायटीकडे पीककर्जाची मागणी वेळेवर नोंदविता येते, अथवा पंपाची खरेदी दिवाळीपर्यंत लांबविता येते.