सेंट अँड्रूजचे गायरान

गोल्फ म्हणजे साहेबाचा, क्लबातला खेळ, अशी आपली समजूत. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ‘ओल्ड कोर्स’वर स्नेह्यांबरोबर एक फेरी खेळलो आणि पाहतो तो काय, हे तर चक्क गावाचे गायरान! समुद्रकाठची वाळवट, उंचसखल जमीन; वारा नेईल तिकडे चेंडू. आर्चबिशपांना इथे ससे पाळायचे होते. गावाने १५५२ साली संमती दिली, पण आपला खेळण्याचा हक्क सनदेत नोंदवून घेतला. (परक्यांना शुल्क मात्र सणसणीत!) रविवारी बहुधा खेळ बंद, लोक मुलेबाळे, कुत्री घेऊन हिरवळीवर फिरतात. शेवटच्या होलच्या मैदानातून रहदारीचा रस्ता आडवा जातो. तिथे आम्ही काठ्या टेकून थांबलो. एक बाई बाबागाडी ढकलत सावकाश पलीकडे गेल्या.