पाऊस पडला किती, वाहिला किती?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकात शिरले. एवढे पाणी आले कोठून? विद्यार्थी मित्रांनो, हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. एका चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पडला, तर 10 कोटी लिटर!

पण त्यातले जिरले किती आणि वाहिले किती? येथे वहीतले गणित अपुरे पडते. माती, उतार, डांबरी रस्ते, सारेच मोजावे लागते. तेही अनेक पावसाळे. नोकरी सांभाळून हे कोण करणार? त्यासाठीच संशोधनाची अधिछात्रवृत्ती असते. एम्. एस्सी. नंतर सीएसआयआर-यूजीसीची 'नेट' परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्यास ती मिळते. 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये विद्यावेतन आहे. नागपुरातच 1958 साली स्थापन झालेली 'नीरी' ही संस्था आहे. पाण्यातले जादा फ्लोराइड तुरटी व चुन्याने काढण्याची 'नलगोंडा पद्धत' तिचीच.

धरणाचे दार केव्हा उघडायचे, हे उद्या ज्यांनी ठरवायचे, त्यांनी आधी स्वतः पाणी मोजलेले असावे, असे माझे मत आहे.

तुम्ही या पावसाळ्यात सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाण्याची उंची मोजा. डबा रुंद असो की अरुंद, उंची तीच येईल. का बरे?