शिक्षकाचा सोबती

विद्या अंगीं असणें निराळें व ती दुसऱ्याच्या अंगीं उतरविणें निराळें. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं वाद लागतो, तेव्हां परिव्राजिका कौशिकी हाच भेद दाखविते. आणि आचार्यांची पारख शिष्यांच्या प्रयोगावरून व्हावी, असें ठरतें. शिक्षकानें शिक्षकास साह्य करावयाचें तें या दुसऱ्या गुणापुरतें, असें आमचें मत आहे.

एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावर शाळांस सरकारी अनुदान मिळे. वर्गांत येणारा परका मनुष्य म्हणजे दोष टिपणारा दिपोटी, ही धास्ती शिक्षकांच्या मनांतून अद्याप पुरती गेलेली नाहीं. सहाध्यापकानें शेवटच्या बांकावर बसावें तें ही धास्ती घालवूनच. तेथें पाहिलेली गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानीं जातां कामा नये, व मुलांदेखत एक शब्दही बोलूं नये. विद्यार्थ्यांसमोर उणा ठरलेला शिक्षक त्या वर्गांत पुढें वर्षभर मान वर करूं शकत नाहीं.

बांकावर बसून शिक्षकापेक्षां मुलांकडे अधिक पाहावें. समजा, संधीचा पाठ चालला आहे. शिक्षक ‘देव’ व ‘आलय’ हीं पदें फळ्यावर लिहून “येथें काय होईल?” असें विचारतात, आणि मुलांनीं तोंड उघडण्यापूर्वींच ‘देवालय’ म्हणून मोकळे होतात. तासांत असे प्रश्न किती झाले, मुलांनीं किती सोडविले, मागच्या दोन रांगांकडे किती गेले, एवढेंच टिपावें. तास संपल्यावर तें टिपण त्यांच्याच हातीं द्यावें व स्वस्थ बसावें. आंकडे पाहून जो विचार त्यांस स्वतः सुचेल तो टिकेल; आपला उपदेश बहुधा चार दिवसांत विरतो. एका खेपेस एकच गोष्ट सुधारावयास घ्यावी. आणि पुढच्या आठवड्यांत आपला वर्ग त्यांस पाहावयास मोकळा ठेवावा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत, प्रत्येक शिक्षकानें प्रतिवर्षीं किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक उन्नतीसाठीं द्यावे, अशी अपेक्षा आहे. ते सारे व्याख्यानें ऐकण्यांत घालवितां येतील; परंतु त्यांतील पांच-सहा जरी परस्परांच्या वर्गांत बसण्यांत गेले, तरी फळ अधिक येईल. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच, कीं दुसरे मास्तर आपल्या मुलाच्या वर्गांत येऊन बसले असें ऐकतांच “आमच्या मास्तरांना शिकवितां येत नाहीं काय?” असें म्हणूं नये. जो स्वतः अद्याप शिकतो आहे, त्याच्याच हातीं मूल निर्धास्तपणें द्यावें.