नाटकाच्या तिकिटातून निधी कसा उभा राहतो

धान निघालं की गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीच्या आसपासच्या गावांत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांची झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीपासून जवळजवळ होळीपर्यंत जागी असते. तिकीट काढून रात्रभर बसणारा रसिक इथे आहे. म्हणून दिव्यांगांच्या संस्थेसाठी निधी हवा असेल, तर आधी नाटकाचा विचार करावा.

पहिलं काम, पैसा कशासाठी हवा ते ठरवणं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेलही येतो. पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांना हा आजार माहीत आहे. म्हणून नेमकी गरज सांगावी. ‘दिव्यांगांच्या मदतीसाठी’ एवढंच सांगितलं तर लोक ऐकून घेतात. ‘दोन तीनचाकी सायकलींसाठी’ म्हटलं की तिकीट काढतात. संस्थेशी बोलून ही गरज लेखी करून घ्यावी.

मग नाटक कंपनी ठरवायची. झाडीपट्टीच्या बहुतेक नाट्यमंडळांचं बुकिंग गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा इथे होतं. रक्कम ठरते, इसार दिला जातो, तारीख पक्की होते. समजा, कंपनीचे 50,000 आणि मंडप, दिवे, जाहिरातीचे 10,000 रुपये झाले. तिकीट 100 रुपये असेल, तर पहिली 600 तिकिटं खर्चातच जातात. संस्थेचा पहिला रुपया 601व्या तिकिटाचा. गावातल्या दुकानदारांनी मंडप, दिवे, जाहिरातीचा भार उचलला, तर तो रुपया 501व्या तिकिटालाच सुरू होतो. म्हणून खर्चाचे प्रायोजक आधी शोधावेत, तिकिटं मग छापावीत.

कागदपत्रं टाळू नयेत. नाटक लावणारं मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गावातलीच हौशी मुलं नाटक बसवणार असतील, तर लेखकाची परवानगी घ्यावी. हौशी मंडळाने धार्मिक संस्थेसाठी केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. दिव्यांग संस्थेसाठी तिकीट लावून केलेल्या प्रयोगाला ती नाही.

तिकीट आणि देणगी यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. तिकिटाच्या बदल्यात माणूस नाटक पाहतो, त्यामुळे ती देणगी ठरत नाही. ज्याला देणगी द्यायची आहे, त्याला संस्थेची स्वतंत्र पावती द्यावी. देणगीवरची आयकर सवलत 2,000 रुपयांपेक्षा मोठ्या रोख देणगीला मिळत नाही. मोठी रक्कम बँकेतूनच घ्यावी.

प्रयोगाच्या रात्री चाकाच्या खुर्च्यांसाठी पुढे सपाट जागा आणि मंडपापर्यंत नीट वाट हवी. ज्यांच्यासाठी नाटक लावलं, त्यांनाच आत येता आलं नाही, तर सारी मेहनत वाया. शक्य असेल तिथे त्यांनी रंगमंचावरही असावं. वरोऱ्याच्या आनंदवनातला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद याचा मोठा दाखला आहे. अंध, अस्थिव्यंग, कुष्ठरोगातून बरे झालेले कलावंत त्यात गातात, वाजवतात, नाचतात. तिथे प्रेक्षक गाण्याचं मोल देतो आणि कलावंताला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

शेवटी, आठवड्याच्या आत जमा, खर्च, शिल्लक हे तीन आकडे आणि संस्थेची पोच गावाच्या फलकावर लावावी. हा हिशेब वाचलेला माणूस पुढच्या मंडईला स्वतःहून विचारतो, ‘औंदा नाटक कोणासाठी?’