घरबदल, वीजपुरवठादाराची निवड आणि देयक भरण्याची पद्धत : मुंबई महानगर प्रदेशातील घरगुती ग्राहकाच्या संदर्भात

प्रस्तावना

दादरच्या चाळीतील खोली सोडून अंधेरीच्या सदनिकेत जाणारे, तेथून मुलुंडला आणि पुढे डोंबिवलीला स्थलांतर करणारे कुटुंब मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. या प्रवासात शाळा, शिधापत्रिका, बँकेतील पत्ता यांचा विचार होतो. विजेचा विचार मात्र पहिले देयक दारात पडेपर्यंत सहसा होत नाही. वास्तविक या एकाच प्रवासात ग्राहक तीन वेगवेगळ्या व्यवस्थांतून जातो. दादरला बेस्ट उपक्रम, अंधेरीला अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, तर मुलुंड आणि डोंबिवलीला महावितरण. यांपैकी केवळ एका ठिकाणी त्याला निवडीचा खरा अधिकार आहे. प्रस्तुत लेखात हा अधिकार कोठून आला, त्याचा उपयोग कसा करावा आणि निवड नसलेल्या ठिकाणीही ग्राहकाच्या हाती काय उरते, याचे विवेचन केले आहे.

निवडीचा कायदेशीर पाया

विद्युत अधिनियम, २००३ हा १० जून २००३ रोजी अंमलात आला. त्यातील कलम १४ नुसार एकाच क्षेत्रात दोन किंवा अधिक वितरण परवानाधारक असू शकतात. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या बहुतांश भागात घरगुती ग्राहकापुढे एकच परवानाधारक आहे आणि तो म्हणजे ६ जून २००५ रोजी अस्तित्वात आलेली महावितरण कंपनी. भिवंडीत २००७ पासून देयक टोरंट पॉवरकडून येते. पण टोरंट तेथे महावितरणची फ्रँचायझी आहे, स्पर्धक नव्हे. देयकावरील नाव बदलले म्हणजे निवड मिळाली असे होत नाही.

मुंबईचे अपवादात्मक स्थान मात्र २००३ च्या कायद्याहून बरेच जुने आहे. टाटा समूहातील कंपन्यांना १९०७, १९१९, १९२१ आणि १९५३ साली परवाने मिळाले होते. या कंपन्या प्रामुख्याने घाऊक वीज पुरवीत. उपनगरांतील किरकोळ वितरण बीएसईएस, पुढे रिलायन्स आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानी यांच्याकडे राहिले. टाटांना लहान ग्राहकास थेट वीज विकता येते काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ जुलै २००८ रोजी न्यायालयाने जुन्या परवान्यांचा अर्थ लावून तो अधिकार मान्य केला. अधिकार मिळाला, पण घरोघरी तारा कोठे होत्या? हा व्यावहारिक पेच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने सुटला. तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची, अशी व्यवस्था त्या आदेशाने शक्य झाली.

बेस्टच्या क्षेत्रात ही सोय त्याच रीतीने लागू होत नाही. कायद्याच्या कलम ४२(३) मध्ये पूर्वीपासून वीजवितरण करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणास वगळलेले आहे. त्यामुळे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या रहिवाशास आपल्याच घरातील ताऱ्यांवरून दुसऱ्याची वीज मागता येत नाही; माहीमची खाडी ओलांडून वांद्र्याला गेलेल्या त्याच्या भावास ती मागता येते.

‘चेंजओव्हर’ आणि ‘स्विचओव्हर’

या दोन संज्ञांत गल्लत होते. ‘चेंजओव्हर’मध्ये तारा जुन्याच राहतात, केवळ वीज विकणारा बदलतो. ‘स्विचओव्हर’मध्ये नवीन पुरवठादाराच्या स्वतःच्या वाहिनीवर जोडणी होते, त्यासाठी ती वाहिनी इमारतीपर्यंत पोहोचलेली असावी लागते. पहिल्या प्रकारात वीज खंडित होण्याचे प्रमाण बदलेल, ही अपेक्षा चुकीची ठरते. रस्त्यातील केबल तीच असते आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारीही तिच्या मालकाचीच राहते. पुरवठा वारंवार जातो म्हणून चेंजओव्हर करणाऱ्याची निराशा ठरलेली. देयकाच्या रकमेसाठी तो करावयाचा असेल, तर गणित मांडावे लागते.

हे गणित केवळ प्रतियुनिट दर पाहून सुटत नाही. देयकात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांवर वीज शुल्क अशा अनेक ओळी असतात. चेंजओव्हर करणाऱ्या ग्राहकाकडून तारांच्या मालकासाठी वहन आकार घेतला जातो. शिवाय क्रॉस सबसिडी अधिभार आणि नियामक मत्ता आकार यांचा भारही आयोगाच्या आदेशांनुसार त्याच्यावर पडू शकतो. यामागील तर्क असा की अधिक वीज वापरणारे ग्राहक कमी वापरणाऱ्यांच्या दराचा काही भाग उचलतात. ते सर्व निघून गेले तर मागे राहिलेल्यांचा दर वाढतो. तसेच पूर्वी पुरवलेल्या विजेची वसुली पुढे ढकललेली असेल, तर ती वापरून निघून जाणाऱ्याने आपला वाटा देणे न्याय्य समजले जाते. ग्राहकाला हा अधिभार जाचक वाटतो, हे स्वाभाविक आहे; पण तो नसता तर निवडीचा लाभ सधन वस्त्यांनी घेतला असता आणि त्याची किंमत शेजारच्या चाळींनी मोजली असती.

दर टप्प्याटप्प्याने वाढतात, हे दुसरे महत्त्वाचे अंग. घरगुती वापराचे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० युनिटांहून अधिक असे टप्पे प्रचलित आहेत. दोन पुरवठादारांचे दर प्रत्येक टप्प्यात सारख्याच अंतराने वेगळे नसतात. महिना ८० युनिट वापरणाऱ्या वृद्ध दांपत्यास जो पुरवठादार स्वस्त पडेल, तोच ४५० युनिट वापरणाऱ्या वातानुकूलित घरास महाग पडू शकतो. म्हणून शेजाऱ्याचा सल्ला येथे फारसा कामाचा नाही. आपल्या गेल्या १२ महिन्यांच्या युनिटांवर दोन्ही दरपत्रके लावून पाहणे हाच मार्ग होय. नवीन घरात यंत्रे वाढणार असतील, तर जुन्या घराचे युनिट जसेच्या तसे धरू नयेत. दर आदेश बदलतात, तशी तुलनाही बदलते. २००९ नंतर टाटांकडे गेलेल्या ग्राहकांपैकी अनेक जण दरांतील फरक उलटल्यावर परत फिरले, हा मुंबईचाच अनुभव आहे.

जागेबरोबर येणारी थकबाकी

पुरवठादार कोणताही असो, घरबदलातील खरा धोका दराचा नसून थकबाकीचा असतो. आयोगाच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेतील विनियम १०.५ नुसार पूर्वीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची न भरलेली रक्कम जागेवरील बोजा ठरून नव्या भोगवटादाराकडे येत असे. कायदेशीर वारस वगळता इतरांसाठी ती सहा महिन्यांच्या आकारापुरती मर्यादित होती. २०२१ मध्ये या संहितेची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी थकबाकी जागेचा पाठलाग करते हे तत्त्व कायम आहे. केरळ राज्य वीज मंडळासंबंधीच्या प्रकरणात १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही असे स्पष्ट केले की, विनियमांत तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरण्याची अट नव्या मालकावर घालता येते.

सदनिका खरेदी करणारा सात-बारा, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र हे सर्व तपासतो आणि विजेचे शेवटचे देयक पाहणे विसरतो. ताबा घेण्यापूर्वी ग्राहक क्रमांकावरून थकबाकी पाहावी, मीटरवरील आकडा दोन्ही पक्षांच्या सहीने नोंदवावा आणि विक्रेत्याकडून नावबदलासाठी व सुरक्षा ठेवीच्या हस्तांतरणासाठी संमतीपत्र घ्यावे. मीटर ‘कायमस्वरूपी खंडित’ असेल तर अधिक सावध राहावे. अशा मीटरमागे बहुधा जुनी रक्कम दडलेली असते. जागा सोडणाऱ्यासाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत विशेष मीटर वाचन आणि अंतिम देयक यांची तरतूद आहे. ती मागून घ्यावी लागते, आपोआप होत नाही.

भाडेकरूची स्थिती याहून अडचणीची. मीटर मालकाच्या नावावर, ठेव मालकाची, वापर भाडेकरूचा. तथापि कलम ४३ मध्ये ‘मालक किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत आणि मे २०२२ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, घरमालकाने ना हरकत प्रमाणपत्र दिले नाही एवढ्याच कारणाने भाडेकरूस वीज नाकारता येणार नाही, अर्जदार जागेत राहतो की नाही एवढेच वीज कंपनीने पाहावे, असे म्हटले आहे. याचा संबंध दराशीही आहे. मालक आणि भाडेकरू प्रत्येकी ९० युनिट एकाच मीटरवर वापरीत असतील, तर एकूण १८० पैकी ८० युनिट वरच्या टप्प्यात जातात. स्वतंत्र मीटर असता दोघेही पहिल्याच टप्प्यात राहिले असते. स्वतंत्र मीटरला स्वतंत्र स्थिर आकार लागतो, हे वजा करूनही हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

देयक भरण्याची पद्धत

महावितरणच्या देयकावर एकाच महिन्यासाठी तीन रकमा छापलेल्या असतात : लवकर भरल्यास, मुदतीत भरल्यास आणि मुदतीनंतर भरल्यास. पहिलीत १ टक्का सवलत, तर तिसरीत १.२५ टक्के विलंब आकार असतो. लघुदाब ग्राहकाने ऑनलाइन भरणा केल्यास ०.२५ टक्के सवलत असून तिची कमाल मर्यादा ५०० रुपये आहे. रोखीने भरण्यावर ऑगस्ट २०२३ पासून दरमहा ५,००० रुपयांची मर्यादा आली. धनादेश देणाऱ्याने तो वटण्याचा दिवस मोजावा, टाकण्याचा नव्हे.

बँकेतून परस्पर वजावट ही पगारदार कुटुंबास सोयीची पद्धत असली, तरी सरासरीवर आकारलेले किंवा चुकीच्या वाचनाचे देयक तिच्यात न पाहताच भरले जाते. वादग्रस्त देयकाच्या बाबतीत कलम ५६ उपयोगी आहे. मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद निकाली निघेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. एरवीही तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. पुढचा मार्ग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा आहे.

सुरक्षा ठेवीकडेही देयकाचाच भाग म्हणून पाहिले पाहिजे. २०२१ च्या विनियमांनंतर मासिक देयक असणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या देयकाइतकी धरली जाते. त्यामुळे मोठ्या घरात गेल्यावर वर्षभराने वाढीव ठेवीची मागणी येणे शक्य असते. त्या ठेवीवर किमान बँक दराने व्याज देणे कलम ४७ नुसार बंधनकारक आहे. प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून ठेव घेता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. परंतु जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर न बसवण्याची घोषणा केल्याने महाराष्ट्रात तो पर्याय तूर्त मागे पडला आहे.

घर सोडताना परस्पर वजावटीची सूचना बँकेत लेखी रद्द करावी. ती तशीच राहिल्यास जुन्या घरातील नव्या कुटुंबाची वीज आपल्या खात्यातून भरली जाते आणि मीटर अद्याप आपल्याच नावावर असल्यामुळे ती रक्कम परत मागणे कठीण जाते. घर बंद ठेवून गावी जाणाऱ्यासही स्थिर आकार चुकत नाही. त्याने काही महिन्यांची रक्कम आगाऊ भरून पावती जपून ठेवावी.