शेवटचे पान आधी उघडते

पत्त्यांचा खेळ आपल्याला नवा नाही. गावात पारावर, लग्नघरी मांडवात, कामगारांच्या खोलीवर सुट्टीच्या दिवशी, चौघे जमले की कॅट निघतो आणि मेंढीकोट सुरू होतो. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. प्रत्येकाला १३ पाने. एकाने उतारी करायची. बाकीच्यांनी पाळीपाळीने पान टाकायचे. चार पाने पडली की एक हात झाला.

या खेळात एक गोष्ट पक्की आहे. आपली पाळी आल्याशिवाय कोणी पान टाकत नाही. कोणी घाई केली तर त्याचा भिडूसुद्धा म्हणतो, "अरे, थांब की जरा!"

पण दुसऱ्याच्या पाळीतही पान टाकता येते, असा एक खेळ आहे. तो आम्ही म्हातारपणी पाहिला. त्या खेळात आमच्या हातून एक चूकही झाली. ती चूक काय, आणि तिच्यातून आम्ही काय शिकलो, ते सांगतो.

आमचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. राहतो चिंचवडला. दिवाळीला आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. आमचा नातू आणि त्याचा मित्र जमिनीवर बसून पाने खेळत होते. पण ती पाने आपली नव्हती. बदाम, इस्पिक, किलवर, चौकट काहीच नाही. प्रत्येक पानावर चित्र आणि चित्राखाली इंग्रजीत मजकूर.

या खेळाचे नाव मॅजिक. तो १९९३ साली अमेरिकेत निघाला. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी तो रचला. आपल्या मेंढीकोटात चौघांना मिळून एकच कॅट असतो. इथे प्रत्येकाचा कॅट वेगळा, आणि तो ज्याचा त्याने जमवलेला. कॅटात कमीत कमी ६० पाने लागतात. पाने विकत मिळतात, मुले आपसांत अदलाबदलही करतात. खेळ सुरू होताना प्रत्येकाच्या हातात ७ पाने असतात आणि प्रत्येकाला २० गुण असतात. समोरच्याचे गुण शून्यावर आणायचे, की जिंकलो.

दोघेही रंगात आले होते. नातवापुढे एक अस्वलाचे पान होते. त्या अस्वलाचा जीव २. नातवाने हातातले एक पान टाकले. ते बळाचे पान. त्याने अस्वलाचा जीव त्या पाळीपुरता ३ ने वाढतो. म्हणजे २ चे ५ होणार.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "थांब. माझं उत्तर आहे." आणि त्याने विजेचे पान टाकले. वीज ज्याच्यावर पडेल त्याचा जीव ३ ने जातो.

झाले! दोघांची जुंपली. नातू म्हणाला, "मी आधी टाकलंय! माझं अस्वल ५ चं झालं. तुझ्या विजेनं मरणार नाही." मित्र म्हणाला, "तुझं पान अजून लागू झालेलं नाही. वीज आधी पडणार. अस्वल मेलं."

शेवटी दोघे आमच्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही सांगा."

आम्ही जन्मभर शाळेत मुलांची भांडणे मिटवली. क्षणाचाही विचार न करता निकाल दिला. "जो आधी आला त्याचा मान आधी. रेशनच्या दुकानात रांग असते ना, तसंच. नातवाचं पान आधी, वीज मागून. अस्वल जिवंत."

मित्र काही बोलला नाही. पाने तशीच टाकून उठला आणि निघून गेला. सूनबाई आतून आल्या. म्हणाल्या, "मामा, रडत गेला की हो तो."

आमच्या मनाला ते लागले. वरच्या मजल्यावर कॉलेजात जाणारा एक मुलगा राहतो. त्याला हा खेळ येतो. त्याला आम्ही बोलावले. त्याने नियम वाचून दाखवले आणि मराठीत समजावून सांगितले. तेव्हा कळले, की चूक आमची होती. या खेळात रांग नसते. थप्पी असते.

थप्पी म्हणजे काय, हे चाकणच्या बाजारात कांदा नेणाऱ्याला सांगायला नको. गोणीवर गोणी रचली की थप्पी झाली. सर्वांत आधी ठेवलेली गोणी तळाशी. सर्वांत शेवटी ठेवलेली वर. आता थप्पी उतरवायची आहे. तर आधी कोणती गोणी निघेल? वरची. म्हणजे शेवटी ठेवलेली आधी निघते, आणि आधी ठेवलेली शेवटी.

या खेळात पानांचे तसेच आहे. पान टाकले म्हणजे ते लगेच लागू होत नाही. ते थप्पीत जाते. मग समोरच्याला विचारायचे, "काही उत्तर आहे?" त्याने पान टाकले तर ते थप्पीत वर बसते. त्यावर पहिल्याला पुन्हा उत्तर देता येते. असे चालता चालता दोघेही लागोपाठ "पास" म्हणाले, की सर्वांत वरचे पान उघडते. ते लागू झाले की पुन्हा दोघांना बोलायची संधी. मग त्याच्या खालचे.

आता ते अस्वल पुन्हा पाहू.

बळाचे पान आधी टाकले. ते तळाशी. विजेचे पान त्याला उत्तर म्हणून आले. ते वर. वरचे आधी उघडते. वीज पडली तेव्हा अस्वलाचा जीव २ च होता. ३ गेले. अस्वल मेले. मग खालचे बळाचे पान उघडले. पण बळ द्यायचे कोणाला? अस्वलच नाही. पान फुकट गेले.

आता उलटे करून पाहा. नातू गप्प बसला असता. मित्राने वीज आधी टाकली असती. ती तळाशी. मग नातवाने उत्तर म्हणून बळाचे पान टाकले असते. ते वर. बळ आधी लागू झाले असते. अस्वल ५ चे झाले असते. मग वीज पडली असती. ५ तले ३ गेले. अस्वल जिवंत!

पाने तीच, अस्वल तेच. फक्त आधी कोण आणि मग कोण, एवढाच फरक. तेवढ्यावर मरणाचे जगणे झाले. नातवाचे पान वाईट नव्हते. त्याने ते घाईने टाकले. पान हातात धरून थांबणे, हेही खेळणेच आहे.

मग कोणतेही पान केव्हाही टाकता येते का? नाही. ते नियम असे :

१. काही पाने तत्काळ असतात. ती आपल्या पाळीत टाकता येतात, आणि दुसऱ्याच्या पाळीत उत्तर म्हणूनही टाकता येतात. बळाचे आणि विजेचे पान या जातीचे.

२. काही पाने सावकाश असतात. ती फक्त आपल्याच पाळीत, ठरलेल्या वेळी आणि थप्पी रिकामी असतानाच टाकायची.

३. जमिनीचे पान आपल्या पाळीत एकदाच टाकायचे. ते थप्पीत जात नाही, म्हणून त्याला उत्तर देता येत नाही. मुख्यतः या जमिनीतून बाकीच्या पानांची किंमत मोजायची असते.

४. थप्पीतले पान एकदा लागू झाले, की मागे जाता येत नाही. "मला बोलायचं होतं, राहून गेलं," हे चालत नाही.

ही थप्पीची रीत १९९९ साली नियमात आली. असेच दुसरे खेळही आहेत. यु-गि-ओ हा जपानी खेळ. त्यात थप्पीऐवजी साखळी म्हणतात, पण तीही शेवटच्या कडीपासून मागे उलगडते. पोकेमॉनचा खेळ मात्र आपल्या मेंढीकोटासारखा. त्यात दुसऱ्याच्या पाळीत हातातले पान टाकता येत नाही.

कोणते पान कोणत्या जातीचे, हे त्या पानावरच छापलेले असते. काही मुले पान काय करते तेवढेच वाचतात. केव्हा टाकायचे ते वाचत नाहीत. ती हरतात.

आई-बापांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ही पाने बंद पाकिटातही विकतात. आत काय निघेल ते आधी कळत नाही. एका पानाच्या आशेने मुले पाकिटामागून पाकीट घेतात. खेळायला दोन तयार कॅट पुरतात. खेळ खेळू द्या, पण पैशाला आवर घाला.

त्या संध्याकाळी नातवाला घेऊन आम्ही त्याच्या मित्राच्या घरी गेलो. त्याचे वडील रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत होते. आम्ही मुलाला म्हणालो, "बाळ, आमचा निकाल चुकला. नियम न वाचता दिला. तुझं उत्तर बरोबर होतं." मुलगा लाजला. मग नातवाला म्हणाला, "चल, पुन्हा डाव मांडू." मुलांची भांडणे अशी मिटतात. मोठ्यांनी चूक कबूल करायला हवी, एवढेच.

वाचकहो, आमच्या भागात आज जमिनीला मोल आले आहे. ७/१२ वर नाव चढते, उतरते. फेरफाराची नोटीस येते. चावडीवरही लागते. हरकत असेल तर १५ दिवसांत लेखी द्या, असे तिच्यात असते. ती वेळ आपल्या उत्तराची. पुष्कळ घरांत ती नोटीस देवळीत ठेवली जाते. कोणी शिकलेला आला की वाचून घेऊ, असे म्हणतात. दिवस जातात. आपण काही बोललो नाही, म्हणजे आपण "पास" म्हणालो. नोंद मंजूर होते. पुढे प्रांतांकडे अपील करता येते, पण चकरा आणि खर्च वाढतो.

खेळात एक अस्वल जाते. इथे बहिणीचा नाहीतर भावाचा हिस्सा जाऊ शकतो.

आता तुम्हाला वाचता येते. कागद हाती आला की "काय" लिहिले आहे ते वाचाच. पण "केव्हापर्यंत" लिहिले आहे, ते त्याच्याही आधी शोधा.