छातीत कळ आली, तर मुंबईची वाट धरू नका



आपल्या कार्यक्रमात आपण खतं, बियाणं, फवारणी यांवर नेहमी बोलतो. या पत्रिकेत शेत करणाऱ्या माणसाबद्दल बोलू या. पीक गेलं तर पुढचा हंगाम असतो. कर्ता माणूस गेला, तर घराची घडी पुन्हा बसत नाही.

विषय आहे हृदयविकाराचा, आणि त्यासाठी मुंबईतल्या नायगावचं नाव घ्यावं लागेल. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांचा एक पाय नायगाव-परळच्या चाळींत रोवलेला आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावकीच्या खोल्यांत एकेका गावची माणसं दाटीनं राहत. गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडून उंच इमारती उठू लागल्या. पण गावात कोणी गंभीर आजारी पडलं, की घरात आजही पहिलं वाक्य निघतं ते हेच : "मुंबईला न्या, केईएमला दाखवा."

हा विश्वास उगाच बसलेला नाही. नायगावाजवळच परळला असलेलं केईएम रुग्णालय १९२६ पासून गोरगरिबांची सेवा करीत आलं आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण तिथेच केलं. तो रुग्ण फार काळ जगला नाही, पण देशात त्या कामाची वाट पडली.

मात्र हार्ट ॲटॅक येतो तेव्हा हाच विश्वास घात करू शकतो. तो कसा, ते आधी समजून घेऊ.

हार्ट ॲटॅक म्हणजे काय?

हृदय हा स्नायू आहे. त्यालाही रक्त लागतं, आणि ते बारीक नळ्यांतून येतं. पाटात वर्षानुवर्षं गाळ साठावा तसा या नळ्यांच्या भिंतींत चरबीचा थर साठतो. एखाद्या दिवशी हा थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि नळी बंद पडते. पाट फुटला की टोकाचं वाफं वाळतं, तसा त्या नळीवरचा स्नायू मरू लागतो. सुरुवात साधारण अर्ध्या तासात होते. वाळलेल्या पिकाला मागाहून कितीही पाणी पाजलं तरी ते उभं राहत नाही. मेलेल्या स्नायूचंही तसंच आहे.

आता आपल्यात रुजलेले गैरसमज एकेक करून पाहू.

१) "कष्टकऱ्याला हा रोग होत नाही."

अंगमेहनतीचा फायदा होतो, हे खरं. पण तंबाखू, बिडी, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांचं नुकसान कुदळ मारून भरून निघत नाही. माणूस सडपातळ असला तरी सुटत नाही. अनेक देशांत मिळून झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. आपल्याकडे निम्म्या रुग्णांना तो ५३ व्या वर्षाच्या आतच आलेला होता. तेव्हा हा म्हातारपणाचा रोग म्हणून गाफील राहू नये.

२) "काही नाही, पित्त झालंय."

सगळ्यांत जास्त माणसं याच एका वाक्यानं जातात. छातीच्या मधोमध दडपण येतं, कोणी दगड ठेवल्यासारखं वाटतं. कळ डाव्याच बाजूला येईल असं नाही. ती जबड्यात, पाठीत, खांद्यात, दोन्ही हातांत किंवा पोटाच्या वरच्या भागात येऊ शकते. सोबत दरदरून घाम, धाप, मळमळ. बाईमाणसाला आणि मधुमेह असलेल्याला कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो आणि विलक्षण थकवा येतो. मग ओवा खा, सोडा पी, छातीला बाम चोळ, यात रात्र जाते. केईएमपासून हाकेच्या अंतरावर, नायगावात राहणारा माणूससुद्धा अशा वेळी सकाळची वाट पाहत बसला, तर त्याला त्या जवळ असण्याचा काय उपयोग? पित्त आहे की हृदय, हे घरी ठरत नाही. ते ईसीजी काढून डॉक्टर ठरवतात. पहिला ईसीजी ठीक आला तरी गरज पडल्यास तो पुन्हा काढावा लागतो, म्हणून "नॉर्मल आहे" म्हणत लगेच घरी निघू नये.

३) "थेट मुंबईलाच नेऊ."

रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. गाडी कितीही दामटली तरी सहा-सात तास जाणार. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं, पण खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत येतो. हे इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही, ते डॉक्टर ठरवतात. पण ते मिळण्यासाठी मुंबईच गाठावी लागते असं नाही. म्हणून १०८ क्रमांकाला फोन करा आणि जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी व हृदयविकाराचे उपचार होतात तिथे पोहोचा. नळीत फुगा घालून ती उघडण्याची सोय जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर आधी इंजेक्शन आणि मग पुढचा प्रवास. मुंबईला जरूर न्या, पण डॉक्टरांनी पाठवल्यावर. आपल्या शिवारातल्या जवळच्या रुग्णालयाची चौकशी आजच करून ठेवा.

४) "जोरजोरात खोकलं की झटका टळतो."

टळत नाही. उलट वेळ जातो आणि रोगी दमतो. रोग्याला चालवू नका, जिना चढवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवू नका. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी देऊ नका, तिनं रक्तदाब एकदम उतरू शकतो. ॲस्पिरिन चावून खायला द्यायची का, ते डॉक्टरांना फोनवर विचारा. माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबत राहा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

५) "या तेलात कोलेस्टेरॉल नाही, मग कितीही खा."

हे तर आम्हा शेतीवाल्यांना चांगलं माहीत हवं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात होतं. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, कोणत्याही तेलात ते मोजण्याइतकं नसतंच. डब्यावर तसं छापण्यात विशेष काही नाही. तेल घाण्याचं असो वा डब्याचं, बेतानं वापरा. वनस्पती तूप आणि पुनःपुन्हा तापवलेलं तेल टाळा. मीठ दिवसाला एका लहान चमच्याहून कमी, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावं. लोणचं, पापड, सुकी मासळी यांतलं मीठही त्यातच धरा.

६) "बरं वाटतंय, मग बीपीची गोळी कशाला?"

बरं वाटतं ते गोळीमुळेच. रक्तदाब वाढला तरी बहुधा दुखत-खुपत नाही, आणि तिथेच फसगत होते. इथे आपल्या मातीतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. केईएममध्येच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर काय परिणाम होतो ते रुग्णांवर तपासलं. १९४९ साली त्यांचा निबंध इंग्लंडमध्ये छापून आला आणि सगळ्या जगाचं या झुडपाकडे लक्ष गेलं. पण म्हणून कोणी परसातली मुळी उगाळून पिऊ नये. डॉ. वकिलांनी मात्रा मोजून दिली आणि रोग्यांचा रक्तदाब पुनःपुन्हा तपासला. औषध मोजूनच घ्यायचं असतं. मात्रा चुकली की फवारणी पीक जाळते, हे तुम्हाला सांगायला नको.

एवढं अवश्य करा

* तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासा. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.
* तंबाखू, बिडी, मिश्री सोडा. आज सोडली तरी फायदा होतो.
* शेतात काम नसेल त्या दिवसांत रोज अर्धा तास भरभर चाला.
* चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. फुगा घातला, ऑपरेशन झालं, तरी गोळ्या आणि पथ्य सुटत नाही.
* छातीत दडपण पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, तर १०८. रात्र असो वा दिवस.

ही पत्रिका भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लावून ठेवा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. आपला कोणी मुंबईत खोलीवर एकटा राहत असेल, तर त्यालाही यातलं क्रमांक दोनचं कलम फोनवर सांगा.

— कृषी विस्तार अधिकारी